हॉकीचा धंदा आणि खेळाडूची मजुरी



वैशाखाच्या उन्हात बर्फाच्या गोष्टी सांगावयास मी उभा राहिलो आहे, ह्याचे आपल्यापैकी काहींना हसू आले तर त्यात नवल नाही. मजूर संघटनेचा माणूस बोलावला की तो महागाईभत्त्यावर बोलणार, वाळूजच्या कारखान्यांतील कंत्राटी पद्धतीवर बोलणार, असा सर्वसाधारण समज असतो. आणि तो खोटाही नाही. आज मात्र मी हॉकीवर बोलणार आहे, आणि त्यातही आधी बर्फावरच्या हॉकीवर, जी आपल्यापैकी बहुतेकांनी पडद्याबाहेर कधी पाहिलेली नाही. मीही नाही.

पण विषय खरोखर बदललेला नाही. एक माणूस अंगमेहनत करतो. ती तो दुसऱ्याच्या जागेत, दुसऱ्याने ठरविलेल्या वेळी करतो. ती पाहावयास लोक तिकीट काढतात आणि तो पैसा आधी तिसऱ्याच्याच पेटीत पडतो. त्यातून ह्या माणसाला किती द्यावयाचे ते पेटीचा धनी ठरवितो. हा माणूस कामगार की नव्हे? तो मागावर बसला असता तर कोणी हा प्रश्न केला नसता. तो खेळाडू आहे म्हणून केला जातो. "तो तर खेळतो, त्याला कसली आली मजुरी?" वाक्य ऐकावयास साधे आहे; परंतु ह्या एका वाक्याच्या भांडवलावर मालकांनी पन्नास-साठ वर्षे मोठा फायदेशीर धंदा केला. आपल्या वेरूळचा कैलास ज्याच्या कारकिर्दीत कोरला गेला त्या कृष्णराजाचे नाव आपण मुलांना शिकवितो. डोंगराच्या माथ्यापासून टाकी चालवीत खाली उतरलेल्या पाथरवटांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. खेळाच्या धंद्यात उलट असते. तेथे टाकी चालविणाऱ्याचे नाव पोराटोरांच्या तोंडी असते आणि मालकाचे नाव कोणी विचारीत नाही. म्हणून लोकांना वाटते की, खेळाडूच राजा आहे.

बर्फावरची हॉकी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. फळ्यांनी बंदिस्त केलेले बर्फाचे मैदान. प्रत्येक बाजूस सहा खेळाडू. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातात वाकड्या तोंडाची काठी, आणि चेंडूच्या जागी रबराची जाड चकती. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. आपल्या लडाखात गोठलेल्या तळ्यांवर ही हॉकी खेळतात, आणि २०२५ साली आपल्या मुलींच्या संघाने आशियाई चषकात कांस्यपदक आणले. ते सामने झाले कोठे, तर संयुक्त अरब अमिरातीच्या वाळवंटात! तेव्हा उन्हात बर्फ काढणारा मी पहिला नव्हे. ज्या १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याच साली कॅनडातील माँट्रियल शहरी बंदिस्त जागेत ह्या हॉकीचा पहिला जाहीर सामना झाला. दोन्ही प्रथा अजून चालू आहेत. एकीत पैसा आला, दुसरीत वक्त्याला हार-नारळ मिळतो.

पैसे घेऊन खेळणे त्या काळी हलके मानीत. साहेबी रिवाज असा की, खरा सद्गृहस्थ हौसेने खेळतो. हौस परवडते त्याने हौसेने खेळावे. ज्याला दुसऱ्या दिवशी कामाची पाळी आहे त्याने काय करावे, ह्याचे उत्तर त्या रिवाजात नव्हते. उघडपणे वेतन देणारी पहिली लीग १९०४ साली निघाली, आणि ती अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील तांब्याच्या खाणींच्या मुलखात. होटन, कॅल्युमेट ही त्या गावांची नावे. खाणीतला मजूर वर येऊन चार घटका करमणुकीसाठी पैसे मोजावयास तयार होता. त्याच्या पैशावर कॅनडाचे उत्तमोत्तम खेळाडू तेथे आले. ती लीग १९०७ साली बंद पडली, पण एक गोष्ट सिद्ध करून गेली: ह्या खेळाला बाजारभाव आहे.

बाजारभाव कळला की मालक प्रथम काय करतात? ते एकत्र येतात आणि भाव बांधतात. १९१० च्या हंगामात कॅनडातील क्लबांच्या संघटनेने ठरविले की, एका संघाच्या सर्व खेळाडूंना मिळून पाच हजार डॉलरांपेक्षा अधिक द्यावयाचे नाही. खेळाडू चिडले. आर्ट रॉस, ब्रूस स्टुअर्ट ह्यांच्यासारख्या नामांकितांनी खेळाडूंचीच स्वतंत्र लीग काढण्याची भाषा केली. ती भाषा हवेत विरली. कारण बर्फाची सगळी मैदाने मालकांच्या ताब्यात होती. कसब कामगाराचे, पण छप्पर मालकाचे. आमच्या धंद्यात हा धडा प्रत्येक पिढीला नव्याने शिकावा लागतो.

आज जगातील सर्वांत बलाढ्य असलेली नॅशनल हॉकी लीग ही २६ नोव्हेंबर १९१७ रोजी माँट्रियलच्या विंडसर हॉटेलात जन्मली. तिच्या जन्माची कथा मोठी उद्बोधक आहे. टोरंटोच्या संघाचा मालक एडी लिव्हिंग्स्टन हा इतर मालकांना नकोसा झाला होता. त्याला काढावे कसे? त्यांनी जुनी संघटना तशीच सोडून दिली आणि त्याला वगळून नवी काढली. कारखाना बंद करून शेजारी नव्या नावाने उघडणे ही युक्ती आपल्याकडेच निघाली असे ज्यांना वाटते त्यांनी ही तारीख लिहून ठेवावी. पहिल्याच हंगामात, २ जानेवारी १९१८ रोजी, माँट्रियल वाँडरर्स संघाचे मैदान जळाले आणि तो संघ बाद झाला. उरलेल्या तिघांवर लीग तगली.

आता हॅमिल्टनची गोष्ट सांगतो. ती मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण ह्या धंद्यातला पहिला ठसठशीत संप तो. १९२४-२५ च्या हंगामात लीगने दोन नवे संघ घेतले, प्रत्येकाकडून प्रवेशाचे १५ हजार डॉलर घेतले आणि सामने २४ वरून ३० केले. कामाचे दिवस वाढले, वेतन तेच. हॅमिल्टन टायगर्स हा एरवी तळाशी असणारा संघ त्या वर्षी पहिला आला. अंतिम सामने तोंडावर आले असता त्याच्या खेळाडूंनी, कर्णधार शॉर्टी ग्रीन ह्याच्या पुढारीपणाखाली, मागणी केली: वाढलेल्या सामन्यांबद्दल प्रत्येकी २०० डॉलर द्या, नाहीतर आम्ही खेळत नाही. मागणी अवास्तव होती काय? सहा सामन्यांचे ते पैसे होते. लीगचे अध्यक्ष फ्रँक काल्डर ह्यांनी सगळ्या संघाला निलंबित केले, प्रत्येकाला २०० डॉलर दंड केला, म्हणजे मागितला तेवढाच आकडा वजाबाकीच्या बाजूला लिहिला, आणि अजिंक्यपदाची लढत त्यांच्यावाचून उरकली. पुढे त्या खेळाडूंचे करार ७५ हजार डॉलरांना न्यू यॉर्कच्या नव्या मालकास विकले गेले. हॅमिल्टन शहराचे तेलही गेले आणि तूपही गेले. त्या शहराला लीगमध्ये पुन्हा संघ मिळाला नाही. ह्यात मला लक्षात घेण्यासारखे वाटते ते हे की, खेळाडू न विचारता विकले गेले, आणि त्या विक्रीचा पैसा त्यांना मिळाला नाही.

विकता येत होते ते एका कलमामुळे. करारात अशी तजवीज असे की, कराराची मुदत संपली तरी पुढील वर्षाचा हक्क त्याच क्लबाकडे राखून राहील. म्हणजे करार संपे, पण बांधणूक संपत नसे. खेळाडूने दुसरीकडे जावयाचे नाही. क्लबाने मात्र त्याला वाटेल तेथे पाठवावे. सालदाराला आगाऊ उचल देऊन सालामागून साल बांधून ठेवणारा जमीनदार आपण मराठवाड्यात पाहिला आहे. त्याचाच हा कोटातला भाऊ. १९४२ पासून १९६७ पर्यंत लीगमध्ये संघ अवघे सहा होते. सहा मालक, शंभराच्या आसपास जागा, आणि त्या जागांसाठी टपलेली कॅनडाभरची पोरे. अशा ठिकाणी मालकाला आवाज चढवावाही लागत नाही.

तरी एकाने आवाज काढला. टेड लिंडसे हा डेट्रॉइट संघाचा खेळाडू, अंगाने लहान, स्वभावाने कडक. संघाबरोबर चार वेळा स्टॅनले चषक जिंकलेला. १९४७ पासून खेळाडूंच्या वेतनातून निवृत्तिवेतनासाठी वर्षाला ९०० डॉलर कापले जात. लिंडसेने एक साधा प्रश्न विचारला: ह्या निधीची वही आम्हाला दाखवाल काय? वही दाखविली गेली नाही. मंडळी, ज्याने कधी युनियनचे काम केले आहे त्याला हा क्षण ओळखीचा आहे. पगारवाढ मागितली तर मालक घासाघीस करतो. वही मागितली की तो रागावतो. लिंडसेने बेसबॉल खेळाडूंच्या वकिलांना गाठले, प्रतिस्पर्धी संघांतल्या माणसांशी गुपचूप बोलणी केली (त्या काळी प्रतिस्पर्ध्याशी नुसते हसून बोलणेही वर्ज्य मानीत), आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना जाहीर केली. माँट्रियलचा डग हार्वी तिचा उपाध्यक्ष होता.

त्या हंगामात लिंडसे गुणांच्या यादीत साऱ्या लीगमध्ये दुसरा होता. इतका चांगला तो आयुष्यात कधी खेळला नव्हता. उन्हाळ्यात त्याची बदली शिकागोला झाली. शिकागो हा तळाचा संघ होता. बदली! कामगार प्रतिनिधीची दूरच्या खात्यात, रात्रपाळीत, परगावच्या शाखेत होणारी बदली ही काही भारतीय कल्पकता नव्हे. नोव्हेंबरमध्ये डेट्रॉइटच्या त्याच्याच जुन्या सोबत्यांनी संघटनेतून अंग काढून घेतले. १९५८ च्या आरंभी किमान वेतन सात हजार डॉलर आणि निवृत्तिवेतनात काही सुधारणा एवढ्यावर प्रकरण मिटले आणि संघटना विरून गेली. लिंडसेचा अर्धा पराभव झाला असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, सात हजारांचा आकडा कागदावर आला तो वही मागितल्यामुळे. ह्या माणसाचा पीळ असा की, १९६६ साली त्याला मानाच्या दालनात स्थान मिळाले तेव्हा समारंभाला बायकामुलांना प्रवेश नाही म्हणून तो गेलाच नाही.

संघटना नसण्याची किंमत किती, त्याचे उदाहरण लिंडसेचाच सोबती गॉर्डी हो ह्याचे. वीस वर्षांहून अधिक काळ हा लीगचा मुकुटमणी. १९६८ च्या सुमारास बॉब बॉन नावाचा, नावलौकिकाने त्याच्याहून कितीतरी खालचा खेळाडू त्या संघात आला आणि त्याने सहज आपला पगार सांगितला. तो होच्या पगारापेक्षा जास्त होता! पगार कोणी कोणाला सांगावयाचा नाही, ही शिस्त मालकांनी एवढी मुरविली होती की, सर्वश्रेष्ठ खेळाडूला आपला भाव ठाऊक नव्हता.

पुढची हकिगत मी भराभर सांगतो. १९६७ साली लीगचे संघ सहाचे बारा झाले आणि त्याच वर्षी ॲलन ईगलसन ह्या वकिलाने खेळाडूंची संघटना पुन्हा उभारली. ह्या वेळी मालकांनी तिला मान्यता दिली. १९७२ साली प्रतिस्पर्धी लीग निघाली, बॉबी हल हा नामांकित खेळाडू दहा लाख डॉलरांची उचल घेऊन विनिपेगला गेला, आणि फिलाडेल्फियाच्या न्यायालयात ते राखीव कलम ढिले झाले. वेतने चढली. १९७९ साली प्रतिस्पर्धी लीगचे चार संघ मोठ्या लीगने पोटात घेतले, आणि स्पर्धा संपली.

परंतु ईगलसनवर थांबले पाहिजे. नाहीतर मी तुम्हाला एकाच बाजूची कथा सांगितली असे होईल. हा गृहस्थ पंचवीसेक वर्षे खेळाडूंच्या संघटनेचा सर्वेसर्वा होता, त्याच वेळी तो अनेक खेळाडूंचा खासगी दलाल होता, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांचा आयोजकही होता. तीन टोप्या, एक डोके. निवृत्त खेळाडूंनी कार्ल ब्रूअर ह्याच्या पुढाकाराने आपल्या निवृत्तिवेतनाच्या पैशासाठी दावा लावला आणि १९९२ साली तो जिंकला. ईगलसनच्या व्यवहारांची चौकशी झाली; जानेवारी १९९८ मध्ये त्याने फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. कुंपणच शेत खात होते. ज्या वहीसाठी लिंडसे लढला ती वही नंतर संघटनेच्याच दप्तरात कोंडली गेली. आमच्या चळवळीतील मित्रांना हे ऐकावयास आवडत नाही. मी प्रत्येक अभ्यासवर्गात हे सांगतो.

त्यानंतरची संघटना सावध झाली आणि मालकही. १९९२ च्या एप्रिलात खेळाडूंनी दहा दिवस संप केला. १९९४ साली मालकांनी टाळेबंदी केली आणि हंगाम अर्ध्यावर आला. २००४-०५ साली तर संपूर्ण हंगाम टाळेबंदीत गेला. स्टॅनले चषक कोणालाही दिला गेला नाही, जे १९१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर प्रथमच घडले. खेळाडू हरले: वेतनात २४ टक्के कपात, आणि एका संघाच्या एकूण वेतनावर ३९ दशलक्ष डॉलरांची मर्यादा. १९१० चे पाच हजार नव्या पोशाखात परत आले! पण हरताना त्यांनी एक गोष्ट पदरात पाडून घेतली. वेतनाचा हिस्सा लीगच्या एकूण उत्पन्नाशी बांधला गेला. उत्पन्नाशी बांधावयाचा तर उत्पन्न मोजले पाहिजे. मोजावयाचे तर वही उघडली पाहिजे. २०१३ साली, आणखी एका टाळेबंदीनंतर, तो हिस्सा निम्मा-निम्मा ठरला.

आता घरी येऊ. आपली हॉकी गवतावरची, हल्ली निळ्या कृत्रिम हिरवळीवरची. पण काठी तीच आणि प्रश्नही तेच. आपल्याकडे हॉकी कित्येक वर्षे नोकरीच्या आधाराने जगली. रेल्वे, एअर इंडिया, तेल कंपन्या, बँका, लष्कर ह्यांचे संघ. मुंबईचे सामने ह्या संघांनीच गाजविले. खेळाडूला लीगचा मोबदला नव्हता, पण हजेरीपटावर नाव होते, भविष्यनिर्वाह निधी होता, निवृत्तीनंतर डेस्कावर जागा होती. ह्या व्यवस्थेला जुनाट म्हणून हसणाऱ्यांनी सांगावे की, तिच्या जागी त्यांनी काय दिले.

ह्या व्यवस्थेचे मोठे फळ म्हणजे धनराज पिल्ले. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला हा मुलगा. वडील मैदान राखण्याच्या कामावर. मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन कारखान्याच्या मैदानावरील चिखलात तो शिकला. डिसेंबर १९९८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने बँकॉकला आशियाई सुवर्णपदक जिंकले. १९६६ नंतर, म्हणजे बत्तीस वर्षांनी. परत आल्यावर काय झाले? पुढच्या निवडीत धनराज आणि आणखी सहा ज्येष्ठ खेळाडू नव्हते. त्यांना विश्रांती दिली आहे, असे अधिकृत उत्तर. सामन्यांचे मानधन मिळत नाही म्हणून त्यांनी तक्रार केली होती, त्याचे हे फळ, असे तेव्हा उघड बोलले गेले. सर्वोत्तम हंगामानंतर लिंडसेला शिकागो मिळाले, आणि सुवर्णपदकानंतर धनराजला विश्रांती. एक फरक आहे: लिंडसेच्या मागे चार-सहा महिने का होईना, एक संघटना उभी होती.

जानेवारी २००५ मध्ये हैदराबादला प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली. भारतीय हॉकी महासंघ आणि एक क्रीडावाहिनी ह्यांचा तो उपक्रम. पहिल्या श्रेणीत पाच संघ. महाराष्ट्राचा मराठा वॉरियर्स, कर्णधार धनराज. पस्तीस मिनिटांच्या दोन डावांऐवजी साडेसतरा मिनिटांचे चार डाव केले. कारण उघड आहे, जाहिरातींना दोन जास्तीच्या फटी. (पुढे सगळ्या जगाने चार डाव स्वीकारले, हेही खरे.) २००८ साली भारत ऑलिंपिकला पात्र ठरला नाही, १९२८ नंतर प्रथमच, त्याच एप्रिलात एका वाहिनीने निवडीतील पैशाचे प्रकरण उघडकीस आणल्यावर महासंघ निलंबित झाला, आणि त्या हंगामानंतर लीगही झाली नाही. लीग बंद झाल्याचे खेळाडूंना कोणी विचारले नव्हते. सुरू करतानाही विचारले नव्हते.

आणि मग पुण्याचे प्रकरण. जानेवारी २०१०, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात विश्वचषकासाठी राष्ट्रीय संघाचे शिबिर चालू होते. थकलेले पैसे मिळाल्याशिवाय आम्ही सरावाला उतरणार नाही, असे खेळाडूंनी सांगितले. नव्या हॉकी इंडिया ह्या संस्थेने प्रत्येकी २५ हजार रुपये देऊ केले, त्यांनी नाकारले. ४८ तासांची मुदत मिळाली: सराव करा, नाहीतर संघातून जा. कर्णधार राजपाल सिंगपासून नवख्या पोरापर्यंत एकही जण फुटला नाही. देशभर खळबळ उडाली आणि काही दिवसांत तडजोड होऊन पैसे देण्याचे कबूल झाले. भोपाळच्या शिबिरातील मुलींच्या संघाने त्याच वेळी काळ्या फिती लावल्या. त्यांना तर मुलांच्या मानानेही काही मिळत नव्हते. पुढे २८ फेब्रुवारीस ह्याच खेळाडूंनी दिल्लीत पाकिस्तानला ४-१ असे हरविले. त्यांचा शेवटचा क्रमांक आठवा आला, हे लपवीत नाही. पण पैसे मागितल्याने देशप्रेम आटते म्हणणाऱ्यांना पहिल्या दिवशीचा निकाल पुरेसा होता.

हा संप आमच्या कसोट्यांवर जवळजवळ निर्दोष होता. मागणी स्पष्ट, वेळ अचूक, एकजूट पक्की. कमतरता एकच: संप जिंकला आणि मागे संघटना उरली नाही. नोंदणी नाही, वर्गणी नाही, पदाधिकारी नाहीत, कोणाच्या घरी एक कपाटसुद्धा नाही. मी अशा कितीतरी विजयी संपांच्या मिरवणुका पाहिल्या आहेत. गुलाल धुतला जातो आणि सहा महिन्यांनी पुढाऱ्याला कोणी ओळखत नाही.

त्याची किंमत दोनच वर्षांत द्यावी लागली. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी वर्ल्ड सिरीज हॉकी सुरू झाली. आठ संघ, त्यांत मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स. ही जुन्या महासंघाची लीग. हॉकी इंडियाला आणि आंतरराष्ट्रीय संघटनेला ती मान्य नव्हती. खेळाडूपुढे पेच असा: पैसे हवे असतील तर इकडे ये, ऑलिंपिक हवे असेल तर तिकडे जा. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. येथे तिसऱ्याच्याच गळ्याला फास बसला. २ एप्रिलला मुंबईत अंतिम सामन्यात शेर-ए-पंजाबने पुण्याला ५-२ असे हरविले. दुसरा हंगाम पुढे ढकलला गेला आणि कधीच झाला नाही. मोबदला थकल्याच्या खेळाडूंच्या तक्रारी वर्तमानपत्रांत येत राहिल्या. आणि लंडन ऑलिंपिकला भारत बाराव्या, म्हणजे शेवटच्या, क्रमांकावर आला.

मग हॉकी इंडिया लीग. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत लिलाव झाला. सरदार सिंगला सर्वाधिक, ७८ हजार डॉलर बोली लागली. मुंबई मॅजिशियन्स हा आपला संघ. पहिल्याच हंगामात सीमेवरील तणावामुळे लीगमधील नऊ पाकिस्तानी खेळाडू परत पाठविले गेले. राजकारण बाजूला ठेवून केवळ मजुरीच्या दृष्टीने पाहिले तरी प्रश्न उरतो: कामगाराचा काही दोष नसताना काम गेले तर वेतनाचे काय? मॅजिशियन्स दोन हंगामांनी गेले, दबंग मुंबई आले, २०१७ च्या अंतिम सामन्यात ते कलिंग लान्सर्सकडून ४-१ हरले, आणि लीगच थांबली. सात वर्षे! खेळाडूचे उमेदीचे आयुष्य दहा वर्षांचे धरा. डिसेंबर २०२४ मध्ये ती राउरकेला येथे पुन्हा सुरू झाली. पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. हरमनप्रीत सिंगला ७८ लाख रुपये मिळाले. बारा वर्षांनी आकडा पुन्हा ७८ च निघाला, चलन बदलले.

लिलाव ह्या शब्दाला माझा आक्षेप आहे, असे आपणास वाटेल. तसा फारसा नाही. सकाळी मजूर अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाची बोली खाली-खाली जाते. येथे वर जाते, हे बरेच म्हणावयाचे. माझा आक्षेप लिलावानंतर काही नसण्याला आहे. सिनेमातील कामगारांसाठी १९८१ साली कायदा झाला. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली झाला, आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कामगाराच्या व्याख्येत त्यांचे नाव आहे. खेळाडूचे नाव नाही. फुटबॉलपटूंनी २००६ साली आपली संघटना काढली. क्रिकेटमध्ये २०१९ साली मंडळाच्या मान्यतेने निघाली ती निवृत्तांची. हॉकीच्या लीगपुढे खेळाडूंच्या वतीने सामुदायिक करारावर सही करणारा कोणी नाही.

हे अशक्य आहे काय? दोन लीगा शेजारी ठेवून पाहा. उत्तर अमेरिकेत बायकांची बर्फावरची लीग २०१९ साली कोसळली. तेव्हा दोनशेहून अधिक मुलींनी जाहीर केले की, योग्य करार मिळेपर्यंत आम्ही तिकडच्या कोणत्याच लीगमध्ये खेळणार नाही. चार वर्षे त्या थांबल्या. २०२३ च्या जुलैत त्यांच्या संघटनेने करारावर सही केली आणि पहिला सामना झाला १ जानेवारी २०२४ रोजी. आधी करार, मग चकती. कोणालाही हंगामाला ३५ हजार डॉलरांपेक्षा कमी नाही, प्रत्येक संघात निदान सहा जणींना ८० हजार किंवा अधिक, आणि मुदत २०३१ पर्यंत.

आपल्याकडे मुलींची हॉकी इंडिया लीग १२ जानेवारी २०२५ रोजी रांचीस सुरू झाली. चार संघ, आणि ही गोष्ट चांगली झाली, ह्यात मला शंका नाही. उदिता दुहान ह्या हरियाणाच्या मुलीला सर्वाधिक ३२ लाख मिळाले. ज्या घरांतून ह्या मुली येतात तेथे दोन लाखांच्या पायाभूत किमतीनेही छप्पर बदलते. पण लिलावात खर्च करावयाची थैली पुरुषांच्या संघाला चार कोटींची आणि मुलींच्या संघाला दोन कोटींची होती. हा निम्मा आकडा कोणत्या वहीवरून काढला, हे विचारणारी त्यांची कोणी प्रतिनिधी तेथे बसलेली नव्हती. पहिल्या हंगामानंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये, पुरुषांच्या लीगमधून उत्तर प्रदेशचा संघ आर्थिक कारणे सांगून बाहेर पडला. म्हणजे संघ बंद होणे ही केवळ जुनी गोष्ट नव्हे.

आपल्या जिल्ह्यात हॉकी खेळणारी मुले-मुली आहेत, त्यांचे पालक येथे बसले असतील. उद्या कोणाच्या घरी असा करार आला तर त्यात पाच जागा पाहा: पैसे कोणत्या तारखेला मिळणार, दुखापत झाल्यास औषधपाणी आणि मोबदला कोणाच्या अंगावर, करार मुदतीपूर्वी मोडण्याचा हक्क एकट्या मालकाला आहे की दोघांना, संघ बंद पडला तर उरलेल्या रकमेची हमी कोणाची, आणि तंटा झाल्यास तो सोडविणारा माणूस कोण नेमणार. कागद इंग्रजीत असला तर सही करण्याआधी तो युनियनच्या कचेरीत घेऊन या. संध्याकाळी सहानंतर मी तेथे असतो.